टिकारामची झोप

आंधळगावच्या आमच्या गल्लीत कोणाच्या घरी काय चाललं आहे हे कळायला दार उघडावं लागत नाही. माग वाजतो आहे म्हणजे माणूस कामावर आहे. माग थांबला म्हणजे एकतर दोरा तुटला, नाहीतर पाहुणा आला. टिकाराम सोनकुसऱ्याच्या घरी मात्र तिसरं कारण असायचं. सकाळी ऊन ओट्यावर आलं की भर कामात त्याचा माग थांबायचा आणि समोरून कोणीतरी म्हणायचं, "गेला गा टिकाराम."

गेला म्हणजे झोपला. आता गल्लीत तो शब्द कोणी वापरत नाही.

मी विणकर संस्थेचा व्यवस्थापक. घरोघरी कोशाचं रेशमी सूत पोचवायचं आणि तयार पातळं मोजून घ्यायची, हे काम करता करता पुढच्या वर्षी निवृत्त होईन. त्यामुळे टिकारामला मी जितकं त्याच्या मागावर बघितलं, तितकं दुसऱ्या कोणी बघितलं नसेल. हातात धोटा, पाय मागाखालच्या पावडीवर आणि मान छातीवर, अशी त्याची झोप. शेजारी बसलेली मुलगी हर्षा कोपराने ढोसायची, "बाबा, काठ चुकते." मग तो डोळे उघडायचा आणि मध्ये काही झालंच नाही असा पुढचा धोटा फेकायचा. करवती काठाचं पातळ एकट्याला विणता येत नाही. काठाचे धोटे सांभाळायला शेजारी दुसरं माणूस लागतं. हर्षा दहावी झाल्यापासून त्या जागेवर बसत होती. काठ सांभाळणं हे तिचं काम होतंच, बापाला जागं ठेवणं हेही हळूहळू तिच्याकडेच आलं.

हिवाळ्यात आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होतात, रात्रभर चालतात. त्यामुळे दिवसा पेंगणाऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारला जातो.

"काय गा टिकाराम, काल सिहोऱ्याले गेलता का नाटक पाहाले?"

"पाहाले नाही. मीच राजा होतो," टिकाराम म्हणायचा.

खरं तर तो कित्येक वर्षांत नाटकाला गेला नव्हता. गेला तरी पहिल्या प्रवेशालाच झोपायचा.

आणि दुसरी गोष्ट त्याच्या हाताची. सकाळी मागावर बसला की पहिले काही फेरे धोटा त्याच्या हातातून निघायचाच नाही. मूठ वळली की वळलेलीच राहायची. मग बोटं एकेक करून, सकाळच्या कमळासारखी नव्हे, गंजलेल्या बिजागरीसारखी उघडायची. थंडीत जास्त. म्हणून तो आधी सूत न घालता रिकामेच हात चालवायचा, चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरून बसायचा, आणि हात मोकळा झाला की मग दुपारपर्यंत त्याच्यासारखा काठ गल्लीत कोणाचा उतरत नसे.

याला कोणी आजार म्हणत नव्हतं. याला 'सोनकुसऱ्यांची मूठ' म्हणत. टिकारामचे वडील देवाजी कबड्डी खेळायचे तेव्हा त्यांनी धरलेला घोटा सुटत नसे, असं जुनी माणसं सांगत. टिकारामच्या लग्नात हातात हात दिला तो सोडवेना, भटजी थांबले, मांडव हसला. शोभाताईला अजून त्यावरून चिडवतात. त्या घरात एक रीतच होती. दसऱ्याला मागाची पूजा झाली की वयात आलेल्या पोराच्या हाती पहिल्यांदा धोटा द्यायचा आणि सगळ्यांनी बघत बसायचं, मूठ किती वेळाने सुटते. जितक्या उशिरा सुटेल तितकं पोर खरं सोनकुसरे. हर्षा चौदा वर्षांची असताना तिच्या हातातून धोटा सुटेना, तेव्हा तिच्या आजीने, शकुनबाईने, गल्लीत पेढे वाटले होते. मीही खाल्ला.

देवाजी साठीच्या आत गेले. दुपारी जेवून भिंतीला टेकले आणि उठले नाहीत. पुण्यवान माणसाचं मरण, असं सगळे म्हणाले.

कोरोना ओसरल्यानंतरच्या हिवाळ्यात टिकारामची तब्येत खालावू लागली. सकाळी उठला की डोकं गच्च धरून बसायचा. सपाट झोपलं की दम कोंडायचा, म्हणून गाठोड्याला टेकून रात्र काढायचा. रात्रीतून कितीदा तरी दचकून, घशात काही अडकल्यासारखा आवाज करून उठायचा. शोभाताईही मग जागी. चहाचा घोट घेताना ठसका लागायचा. पापण्या नेहमीच्याच जड, त्या आणखी उतरल्या. दिवसा तर धोटा फेकला आणि पुढचा उचलेपर्यंत झोप.

"थंडी सरली का बरं होईन," तो म्हणायचा.

संक्रांतीनंतर त्याला सर्दी झाली, अंग तापलं आणि माग बंद पडला. तेव्हा भूषण आला.

भूषण त्याच्या बहिणीचा मुलगा, बस स्टँडवर मोबाइल दुरुस्तीचं दुकान. कोरोनात पोरांच्या मंडळाने वर्गणी करून हवेतून ऑक्सिजन काढणारी मशीन आणली होती. ती डोक्यावर घेऊन घरोघर फिरला तो हाच. लोक तोंडाला फडकं बांधूनही दुसऱ्याच्या दारात उभे राहत नव्हते, तेव्हा हा आत जाऊन नळी लावायचा. गल्लीतली लीलाबाई त्या मशीनवर वाचली, आणखीही दोघं-तिघं. तेव्हापासून गाव त्याला थट्टेने आणि खरंही 'भूषण डॉक्टर' म्हणतं. मशीन त्याच्याच दुकानात झाकून ठेवलेली असायची.

"मामाजी, बोट द्या," तो म्हणाला.

"कायले?"

"द्या तर."

बोटाला लावायची चिमट्यासारखी छोटी मशीन आता सगळ्यांना माहीत आहे. तिच्यात शहाऐंशी आकडा आला. भूषणचा चेहरा बदलला.

"मामी, हे घरी ठेवायचं माणूस आहे का वो? कोरोनात इतक्यावर मी मशीन लावत होतो."

"मंग लाव ना," टिकाराम डोळे मिटूनच म्हणाला. "झोप येऊ दे म्हणजे झालं."

मशीन आली. नाकाला नळी लागली. दारात बाया जमल्या होत्या. भूषण आकडे वाचत होता: नव्वद, त्र्याण्णव, सत्त्याण्णव. कोणीतरी सुटकेचा श्वास टाकला. कोरोनाने आमच्या गावाला एवढं एकच गणित शिकवलं होतं, आकडा वर म्हणजे माणूस वाचला. टिकाराम त्या दिवशी कित्येक महिन्यांनी सपाट झोपला. दचकणं बंद, घशातला आवाज बंद. मशीन एका लयीत घुमत होती आणि गल्ली तिच्या आवाजावर निर्धास्त होती. आमच्याकडे आवाज चालू असला की काम चालू, असाच समज. आम्ही सगळे त्या आवाजावर विसंबलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला बघायला गेलो तेव्हा शोभाताई चहा ठेवत होती. तिचाही चेहरा रात्रभर झोप मिळाल्यासारखा होता.

"भाऊजी, आजच्यासारखे हे कधी झोपलेच नाही," ती म्हणाली. "हलले पण नाही."

शकुनबाई मात्र मुलाच्या पायाशी बसली होती आणि तिथून उठत नव्हती.

"अवो शोभा, याचा रंग पाय."

आम्ही पाहिलं. बाहेर पाण्याला हात लाववत नव्हता अशी थंडी, आणि टिकारामच्या कपाळावर घाम. चेहरा लालसर, ओठ कोरडे. हात हातात घेतला तर गरम, आणि बोटांना मधूनच हलका झटका येत होता. मी नावाने हाक मारली. पापण्या थोड्या उघडल्या आणि परत मिटल्या.

"त्याचा बाप असाच लाल झालता," शकुनबाई म्हणाली.

हर्षाने भूषणला फोन केला. तो धावतच आला, चिमटा बोटाला लावला आणि हसला.

"आजी, सत्त्याण्णव आहे. माझे पण एवढे येत नाही."

"तुये आकडे तुयापाशी ठेव. याले उठवून दाखव."

"झोपू द्या ना वो. किती महिन्यांची झोप बाकी आहे त्याची."

"भूषण, उठव म्हणून राहिली ना मी."

भूषणने खांदा हलवला. मग जोरात हलवला. हर्षाने तोंडावर पाणी शिंपडलं. टिकारामने मान इकडची तिकडे केली, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटला आणि पुन्हा तसाच. भूषणचं हसू गेलं. त्याने नळी तपासली, पाण्याची बाटली तपासली आणि मशीनचं बटण आणखी वर केलं.

"दवाखान्यात न्यावं," मी म्हणालो. माझी गाडी दारातच होती.

"कसं न्यायचं?" भूषण म्हणाला. "ही मशीन लायटीवर चालते, गाडीत नाही चालत. मी अ‍ॅम्ब्युलन्सले फोन लावला, सिलिंडरवाली. ते तुमसरच्याही पलीकडे आहे. येतपर्यंत वेळ लागते. तवर मशीन काढायची नाही."

"तवर याचं काय होईन?" शोभाताईने विचारलं.

"काही नाही होत, मामी. आकडा चांगला आहे."

तेवढ्यात लाईट गेली.

मशीनचा आवाज उतरत उतरत बंद झाला. घरात एकदम इतकी शांतता झाली की समोरच्या घरातली पावडी ऐकू येऊ लागली. भूषण बाहेर धावला, कोणाकडे जनरेटर आहे का विचारायला. चिमटा टिकारामच्या बोटालाच होता. त्र्याण्णव. एकोणनव्वद. हर्षा बापाच्या डोक्याशी बसून पुठ्ठ्याने वारा घालत होती. पंच्याऐंशी. मी खिडकी उघडली. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

ब्याऐंशी आकडा आला तेव्हा टिकारामने कण्हत कूस बदलायचा प्रयत्न केला. छाती, जी इतका वेळ जेमतेम हलत होती, ती उचलली. एकदा, दोनदा, जोराने. त्याने डोळे उघडले. मोठे उघडले.

"शोभा," तो म्हणाला. आवाज नाकातून, जाड. "डोकं फुटून राहिलं."

शोभाताई रडायला लागली. हर्षाने त्याला उठवून गाठोड्याला टेकवलं. तो बसला. मान हलत होती, पण बसला. पाणी मागितलं.

मग लाईट आली. भूषण धापा टाकत परतला, आकडा बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने घाईघाईने नळी परत नाकाला लावली. मशीन घुमू लागली. आकडा चढत गेला. नव्वद, पंच्याण्णव. टिकारामचे डोळे मिटत गेले. पाण्याचा पेला त्याच्या मुठीत तसाच अडकलेला होता, तो कलंडला आणि पाणी अंथरुणावर सांडलं. हर्षाने एकेक बोट उघडून पेला सोडवला.

शोभाताई हे सगळं बघत होती. आकड्याकडे एकदा, नवऱ्याकडे एकदा.

"भाऊजी," ती मला म्हणाली, "गाडी काढा."

"मामी, ऐका माझं," भूषण दारात आडवा उभा राहिला. "आता पाहिलं ना तुमी, ब्याऐंशीवर आला होता. रस्त्यात मरन तो."

"ब्याऐंशीवर माह्यासंग बोलला तो. सत्त्याण्णववर बोलत नाही."

"तसं नसते ते. मले माहीत आहे. मी इतक्या लोकायले..."

"भूषण. बाजूले हो."

तो झाला. पण त्याने चिमटा बोटावरून काढू दिला नाही.

मागच्या सीटवर टिकारामला मध्ये बसवलं. एका बाजूला शोभाताई, दुसऱ्या बाजूला हर्षा. भूषण माझ्याजवळ, मागे वळून. रस्ता मला पाठ आहे, पण त्या दिवशी प्रत्येक गतिरोधक नवा वाटला. समोर तणसाने भरलेला ट्रॅक्टर होता, तो बाजू देईना. भूषण आकडे वाचत होता. सत्त्याऐंशी. चौऱ्याऐंशी. प्रत्येक आकड्यागणिक त्याचा आवाज चढत होता. "एक्क्याऐंशी आहे मामी, एक्क्याऐंशी. परत फिरवा गाडी. मी सांगून राहिलो, हात जोडतो, परत फिरवा."

शोभाताईने चिमटा बोटातून ओढला आणि आपल्या ओच्यात टाकला.

"आता आकडा नोको सांगू. माणूस पाय."

टिकारामची मान हर्षाच्या खांद्यावर होती. ती त्याला सारखी बोलतं ठेवत होती, जशी मागावर ठेवायची तशी. बाबा, काठ कोणता धरू. बाबा, हिरवा का लाल. तो कधी उत्तर देत होता, कधी नव्हता. उत्तर आलं नाही की गाडीत कोणी श्वास घेत नव्हतं.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर तेजस्विनी मॅडम होत्या. वयाने हर्षाहून फार मोठ्या नसतील. टिकारामला खाटेवर घेतलं. भूषणने एका दमात सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, फुल ऑक्सिजन लावा, लवकर."

मॅडमनी छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. "फुप्फुसं तर एवढी वाईट नाहीत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग शोभाताईला विचारू लागल्या, दारू पितात का, झोपेची गोळी घेतली का, कोणतं औषध चालू आहे. सगळ्याला नाही. सिस्टरने ऑक्सिजन सुरू केला. खाट आत ढकलायची होती, पण ती हलेना. हर्षाने खाटेचा दांडा धरला होता.

"बाजूला हो," सिस्टर म्हणाली. "सोड ना दांडा."

"हो, सुटतेच. थांबा थोडं."

"सुटते म्हणजे?"

मॅडम वळल्या. हर्षाच्या बोटांकडे बघत राहिल्या. ती घाबरून जितका जोर लावत होती तितकी मूठ आवळत होती. मग एकेक बोट उघडलं. मॅडमनी तिचा तळहात आपल्या हातात घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी मांसल भागावर आपल्या बोटाने टिचकी मारली. अंगठा आत वळला आणि तिथेच राहिला.

"हे केव्हापासून?"

"लहानपणापासून," शोभाताई म्हणाली. इतक्या घाबरलेल्या स्थितीतही तिचा आवाज सवयीने थोडा ताठ झाला. "यांच्या घरची मूठच तशी आहे. यांची पण. सासऱ्यांची पण होती."

मॅडम टिकारामकडे परत गेल्या. त्याचा लांबट चेहरा, कपाळावरचं टक्कल, उतरलेल्या पापण्या, हे सगळं त्यांनी आता पहिल्यांदा बघितल्यासारखं बघितलं. "सासरे कसे गेले?"

"झोपेत."

"सिस्टर, ऑक्सिजन कमी करा," मॅडम म्हणाल्या. "अगदी थोडा ठेवा. आणि कोरोनातलं ते मास्कवालं श्वासाचं मशीन, ते आणा."

"कमी?" भूषणचा आवाज फाटला. "मॅडम, माणूस मरून राहिला आणि तुमी कमी करता? मी कोरोनात तीन माणसं वाचवली याच्यावर."

मॅडम चिडल्या नाहीत. हात काम करत होते आणि त्या बोलत होत्या. "ती माणसं वाचली, कारण त्यांची फुप्फुसं बिघडली होती. यांची फुप्फुसं ठीक आहेत. छाती हलवणारे स्नायू दमले आहेत. हाताचे स्नायू जसे आखडतात ना, तोच आजार छातीच्या स्नायूंनाही असतो. श्वास पुरेसा बाहेर पडत नाही, खराब हवा आत साठते, ती मेंदूला गुंगी आणते. दिवसाची झोप, सकाळचं डोकं, सगळं त्याचंच. ऑक्सिजन कमी पडला की शरीर यांना दचकवून उठवत होतं, श्वास घ्यायला लावत होतं. तुम्ही तो भरपूर दिला. आता उठवायला कोणी राहिलं नाही."

भूषण खाटेपासून एक पाऊल मागे सरकला.

"आणि नुसता काढून टाकला असता तरी धोका होता," मॅडम म्हणाल्या. "यांना श्वास ढकलून देणारं मशीन पाहिजे. हे."

मास्क नाकातोंडावर बसवला, पट्टे आवळले. हवा आत ढकलली जाऊ लागली. टिकारामची छाती, तिला विचारल्याशिवाय, वर होऊ लागली. आम्हाला बाहेर बसवलं. मॅडम म्हणाल्या की आता वाट बघायची. जागे झाले तर चांगलं, नाहीतर घशात नळी टाकून नागपूरला न्यावं लागेल, आणि एकदा नळी टाकली तर या आजारात ती निघायला फार त्रास होतो.

बाहेरच्या बाकावर शोभाताई भिंतीला डोकं टेकून बसली. हर्षा आपला तळहात उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. तिने मला विचारलं, "काका, मॅडम माह्या हाताले पाहून समजल्या ना?"

"हो."

"म्हणजे मले पण तेच आहे."

तिने पुन्हा मूठ मिटली. भूषण कधी निघून गेला ते आम्हाला कळलं नाही. दुपारी चहावाल्याने सांगितलं की तो पायीच गावाच्या रस्त्याला लागला होता.

ऊन कलायला आलं तेव्हा सिस्टरने शोभाताईला आत बोलावलं. आम्हीही मागे गेलो. टिकारामचे डोळे उघडे होते. मास्कमुळे बोलता येत नव्हतं, तरी तो बोलायचा प्रयत्न करत होता आणि मशीन शिट्टी वाजवत होतं. मॅडमनी क्षणभर मास्क उचलला.

"हे सोंग कोणी लावलं मले?" तो म्हणाला.

शोभाताईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती का रडत होती, मला सांगता येणार नाही.

नागपूरला नेलं, तपासण्या झाल्या, रक्त पुण्याला गेलं. मायोटोनिक डिस्ट्रॉफी असं नाव निघालं. स्नायू आखडण्याचा, झिजण्याचा पिढीजात आजार. बरा होत नाही, सांभाळता येतो. तिथल्या डॉक्टरांनी शोभाताईला पुन्हा पुन्हा बजावलं. रोज रात्री मास्कचं मशीन, दुपारी झोपला तरी मास्क. हृदयाची तपासणी दर वर्षी. झोपेची गोळी कधी नाही. कोणतंही ऑपरेशन असलं तर भूल देणाऱ्याला आधी हे नाव सांगायचं, मग पुढचं. हर्षाचीही तपासणी झाली. आजार तिलाही निघाला. श्वास अजून चांगला आहे. पण हा आजार पुढच्या पिढीत आधी आणि जोराने येतो, असं तिने डॉक्टरांना स्वतः विचारून घेतलं.

टिकाराम घरी आला आणि मागावर बसू लागला. अर्धा दिवसच, पण जागा. सकाळी डोकं दुखत नाही म्हणायचा. मास्कच्या पट्ट्यांचे वळ गालावर घेऊन गल्लीत यायचा आणि कोणी विचारलं तर सांगायचा, "रात्रभर नाटकात होतो. मुकुट आवळला."

भूषण मात्र येईना. दोनदा निरोप पाठवला तरी नाही. ऑक्सिजनच्या मशीनला त्याने कुलूप घातलं होतं. एका घरी म्हाताऱ्याला दमा उठला, मशीन मागायला माणूस आला, तर त्याने आधी डॉक्टरची चिठ्ठी आणा म्हणून परत पाठवला. लोक नाराज झाले.

शेवटी उन्हाळा लागल्यावर टिकाराम स्वतः निघाला. त्याला चालताना पाय अडतो, म्हणून मी सोबत गेलो. भूषण दुकानात एक मोबाइल उघडून बसला होता. आम्हाला बघून उठला.

"मामाजी, तुमी कायले आले. मी येणारच होतो."

"केव्हा? तेरवीले?"

भूषण खाली बसला. बारीक स्क्रू बोटाने इकडून तिकडे सरकवत राहिला.

"त्या दिवशी लाईट नसती गेली तर," तो म्हणाला.

"तर तेरवीत तूच वाढपी राहिला असता. बुंदी कमी नोती पडू दिली तू."

"मामाजी, थट्टा नका करू."

"मंग काय करू?" टिकाराम बाकावर टेकला, दम घेतला. "लीलाबाई वाचली का नाही तुया मशीननं?"

"वाचली."

"माह्या छातीत काय आहे हे तुले कोणी सांगितलं होतं? मलेच ठाऊक नोतं. आमी त्याचे पेढे वाटले. मॅडमकडे जाऊन बसत जाय थोडा, त्या शिकवते म्हणून राहिल्या. चिठ्ठी मागतो ते बराबर करतो." मग थोडा थांबून म्हणाला, "आता माहं काम ऐक. हे मास्कचं मशीन लायटीवर चालते. लाईट गेली का बंद. शोभा रात्रभर डोळे उघडे ठेवून बसते. बॅटरी लावून देता येते का तुले?"

भूषणने मान हलवली. "येते."

तो दुसऱ्याच दिवशी बॅटरी, वायर आणि पेटी घेऊन आला. सकाळपासून खटपट करत होता. दुपारी टिकाराम जेवून मास्क लावून पडला. झोप लागली तशी भूषणने शोभाताईला म्हटलं, "मामी, आता पाहाले लागन. मेन बंद करतो."

शोभाताईचा चेहरा पडला. शकुनबाई ओट्यावरून आत आली. हर्षाने माग थांबवला.

"कर," शोभाताई म्हणाली.

भूषणने बटण दाबलं. पंखा थांबला, दिवा गेला. मशीन मध्ये कुठेही न अडकता चालत राहिलं. पण भूषण मशीनकडे बघत नव्हता. तो जमिनीवर टिकारामच्या अगदी जवळ बसला होता, आणि त्याच्या बंडीच्या गुंड्यांवर नजर ठेवून होता. गुंड्या वर गेल्या, खाली आल्या. वर गेल्या, खाली आल्या. पंखा बंद असल्यामुळे सगळ्यांना घाम फुटला, तरी त्याने मेन लावू दिलं नाही. टिकाराम आपल्या वेळेने उठला, मास्क काढला आणि सगळ्यांना आपल्याभोवती बसलेलं बघून म्हणाला, "काय झालं? कोणी मेलं का?"

मग भूषणने उठून मेन लावलं आणि तो भिंतीवर सॉकेट पक्कं करू लागला. हर्षा मागावरून उतरून त्याच्याजवळ आली.

"बाजूले आणखी एक लावून ठेव," ती म्हणाली.

"दुसरं कायले? एकच मशीन आहे."

"माह्यासाठी."

भूषणचा ड्रिल थांबला. त्याने टिकारामकडे बघितलं, मग शोभाताईकडे.

"आज नाही लागत," हर्षा म्हणाली. "पण लावून ठेव."

त्याने भिंतीवर पेन्सिलने दुसरी खूण केली आणि भोक पाडायला घेतलं.